कॉलेज रिकामं, मग संघ कुणाचा?

गेल्या वर्ष-दोन वर्षांत कोल्हापूरला फोन केला की दादा एक विषय हमखास काढतो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला 126 पदकं, आपल्याला 6. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्निल कुसाळेनं नेमबाजीत कांस्य आणलं, म्हणून जिल्ह्यात दिवाळी झाली. दादाचं म्हणणं, "तिकडं कॉलेजात खेळाडू तयार होतात. सरकारनं तसंच धोरण इथं आणावं, मग बघ." वर्तमानपत्रांतही हीच चर्चा चालते. मी मिशिगन विद्यापीठाच्या गावात, ॲन आर्बरमध्ये राहते. ते धोरण मला शनिवारी खिडकीतून दिसतं, म्हणून लिहावंसं वाटलं.

2023 चा कॉलेज फुटबॉलचा हंगाम इथं कुणी विसरणार नाही. हे फुटबॉल आपल्या पेठांतलं नव्हे. यात चेंडू हातात धरून पळायचं, समोरच्यानं अंगावर येऊन पाडायचं. सप्टेंबर ते नोव्हेंबर दर शनिवारी सामना. मिशिगननं त्या वर्षी 15 पैकी 15 सामने जिंकले आणि 8 जानेवारी 2024 ला ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाला 34-13 हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं.

25 नोव्हेंबरला ओहायो स्टेट विद्यापीठाविरुद्धचा सामना होता. एका सहकाऱ्यानं तिकीट दिलं, म्हणून मीही गेले. लाखावर माणसं, लांबच लांब बाकांवर खांद्याला खांदा लावून बसलेली, नाकं थंडीनं लाल. धावसंख्या 17-17. तेवढ्यात झॅक झिंटर या मिशिगनच्या कर्णधाराचा पाय मोडला. लाखभर माणसांची एवढी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. त्याला गाडीवरून बाहेर नेलं, आणि लगेच पुढच्याच चालीत आमचा ब्लेक कोरम 22 यार्ड पळत थेट शेवटच्या रेषेपार गेला. शेजारचे पांढऱ्या केसांचे आजोबा हातांची बोटं वर करून 6 आणि 5 दाखवत होते. 65 हा झिंटरचा नंबर. आजोबा 1960 च्या दशकात इथं शिकले होते, आणि रडत होते. सामना 30-24 जिंकला.

या हंगामाची दुसरी बाजूही दादाला सांगायला हवी. मुख्य प्रशिक्षक जिम हारबॉ त्या हंगामात दोनदा निलंबित झाले, तीन-तीन सामन्यांसाठी. दुसऱ्या वेळचं कारण असं, की संघाचा एक कर्मचारी प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांना माणसं पाठवून त्यांच्या चाली सांगणाऱ्या हातखुणा टिपून घेत असल्याचं प्रकरण उघडकीला आलं होतं. विजेतेपदानंतर महिना उलटायच्या आत हारबॉ व्यावसायिक संघाकडे गेले. 2025 मध्ये विद्यापीठाला कोट्यवधी डॉलरचा दंड झाला. अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे विद्यापीठाचा फुटबॉल प्रशिक्षक असतो, राज्यपाल नव्हे. हे मला पटत नाही, इतकी वर्षं राहूनही पटलेलं नाही. विद्यार्थ्यांना मात्र 2021 पर्यंत स्वतःच्या नावावर जाहिरातीचा एक डॉलरही घ्यायची मुभा नव्हती.

तरीही पदकांचं गणित याच पैशावर चालतं. पॅरिसमध्ये अमेरिकेच्या पुरुष जिम्नॅस्टिक्स संघानं 16 वर्षांनी सांघिक पदक मिळवलं. त्यातले फ्रेडरिक रिचर्ड आणि पॉल जूडा हे दोघे मिशिगनचे. त्यांच्या स्पर्धेला लाख माणसं जमत नाहीत. त्यांचा प्रशिक्षक, व्यायामशाळा, प्रवास, सगळं शनिवारच्या गर्दीतून निघतं. 2025 पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत, आणि आता या छोट्या खेळांवर कात्री चालेल अशी धास्ती इथं सगळ्यांना आहे.

मग आपण काय घ्यायचं? पैशाचा हा कारखाना आपल्याला उभारता येणार नाही, आणि उभारूही नये. ते आजोबा मात्र हवेत. साठ वर्षांपूर्वीच्या कॉलेजसाठी थंडीत बसून रडणारे. ते तिथं आले, कारण त्यांनी तरुणपणाची चार वर्षं खरोखर त्या आवारात काढली होती.

माझा भाचा दहावीपर्यंत शाळेचा गोलकीपर होता. अकरावीला गेल्यावर मी फोनवर विचारलं, "कॉलेज कुठलं रे?" त्यानं क्लासचं नाव सांगितलं. "क्लास नव्हे, कॉलेज." तो अडखळला, मग आईला विचारून नाव सांगितलं. तिथं तो फक्त प्रॅक्टिकलला जातो. क्लास आणि कॉलेज यांचं हे साटंलोटं मोडायला सरकारनं 2018 मध्ये विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. भाच्याच्या वर्गात आजही बाकं रिकामी असतात. ज्या कॉलेजात पोरं येतच नाहीत, तिथं संघ कुणाचा उभा करणार, आणि चाळीस वर्षांनी त्याच्यासाठी कोण रडणार?

आणि हे आपल्याला परकं नाही रे दादा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचा सामना असला की अख्खं गाव लोटतं, कारण तालीम ही आपली असते. 1952 मध्ये खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं राहतं घर गहाण टाकलं. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. तो माणूस धोरणाची वाट बघत बसला नाही. आपल्या कॉलेजचा पोरगा आहे, एवढंच त्याला ठाऊक होतं.

मेमध्ये मी घरी येतेय. भाच्यासाठी गोलकीपरचे हातमोजे घेतलेत. वहिनी म्हणते, 'नीट'ची परीक्षा झाल्यावर दे. हातमोजे मी आल्या दिवशीच देणार आहे, आणि दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन त्याच्या कॉलेजात जाणार आहे. प्राचार्यांना भेटून एवढंच विचारायचंय, की इथला संघ शेवटचा सामना कधी खेळला, आणि मैदानाची किल्ली कुणाकडे असते.