ऑक्सिजनची चमक फक्त रात्रीच असते म्हणे!

एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. अंतराळ स्थानकाच्या फोटोत पृथ्वीच्या कडेला हिरवी रेघ दिसते ती ऑरोरा (ध्रुवांकडे रात्री दिसणारा रंगीत प्रकाश) आहे, ऑक्सिजन दिवसभर उन्हात 'चार्ज' होतो आणि रात्रीच चमकतो, दिवसाची चमक कुणी मोजलेलीच नाही, असं त्यात लिहिलंय. मुलं शाळेच्या प्रोजेक्टमध्ये हे जसंच्या तसं उतरवतायत, म्हणून लिहितोय.

१) ऑरोरा? रंग तोच, तरंगलांबी 557.7 नॅनोमीटर, कारण चमकणारा अणू तोच, ऑक्सिजनचा. पण ऑरोरा वरून आदळणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनमुळे होतो, तोही मुख्यतः ध्रुवांकडे. ही रेघ म्हणजे एअरग्लो, वरच्या हवेची स्वतःची मंद चमक, ती मात्र सगळ्या पृथ्वीभोवती असते, विषुववृत्तावरसुद्धा, आणि रोज.

२) 'चार्ज'चं अर्धं खरंय. दिवसा अतिनील किरणांनी ऑक्सिजनचे रेणू तुटतात, रात्री सुटे अणू परत जुळताना जी ऊर्जा निघते त्यातून हिरवा प्रकाश येतो. पण म्हणून दिवसा चमक बंद असते हे कुठून काढलं? दिवसा तर सूर्य थेट कामाला असतो, त्याचे किरण अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात, ते इलेक्ट्रॉन दुसऱ्या ऑक्सिजन अणूंवर आदळतात, शिवाय रेणू तुटतानाच काही अणू उत्तेजित होऊन, म्हणजे जादा ऊर्जा घेऊन, बाहेर पडतात, त्यामुळे दिवसाची चमक रात्रीपेक्षा कितीतरी जास्त असते. यातली 630 नॅनोमीटरची लाल रेघ (इथे रेघ म्हणजे एकाच ठराविक तरंगलांबीचा प्रकाश) मला सगळ्यात भारी वाटते. तो प्रकाश सोडायला अणूला जवळपास 110 सेकंद लागतात, खालच्या दाट हवेत तेवढ्या वेळात कुणीतरी धडकून ती ऊर्जा काढून घेतंच, म्हणून लाल चमक मुख्यतः 200 किलोमीटरच्या वरच दिसते. हिरव्याला एक सेकंदही लागत नाही, त्यामुळे ती 100 किलोमीटरच्या आसपासही टिकते.

३) कुणी मोजली नाही? अहो, आपल्या अहमदाबादच्या पीआरएलने (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी) 1980 च्या दशकात खास यासाठी फोटोमीटर, म्हणजे उजेड मोजायचं उपकरण, बनवला! अडचण होती निळ्या आकाशाच्या उजेडाची, चमक त्यात पार बुडून जाते. मग फॅब्री-पेरो एटॅलॉनने (समांतर अर्धपारदर्शक आरशांची जोडी, प्रकाशाची गाळणीच म्हणा) तरंगलांबीचा अगदी अरुंद पट्टा वेगळा काढायचा, रेघेवरचा उजेड आणि तिच्या शेजारचा उजेड लागोपाठ मोजायचा आणि वजा करायचा, उरते ती चमक. 2018 पासून नासाचं गोल्ड हे उपकरण भूस्थिर कक्षेतून दिवसाउजेडी ऑक्सिजनची 135.6 नॅनोमीटरची अतिनील चमक टिपतंय. आणि 2020 मध्ये तर मंगळाच्या दिवसाच्या बाजूला हीच हिरवी रेघ सापडल्याचं प्रसिद्ध झालं, युरोपच्या ट्रेस गॅस ऑर्बिटरने टिपलेली.