‘रणगाडे कुठे आहेत?’ असं विचारणाऱ्या संदेशाला उत्तर

मंडणगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतोय. त्याचा सारांश असा: हुकूमशाही येते ती रणगाड्यांवर बसून. जिथे निवडणुका होतात तिथे हुकूमशाहीची भाषा करणं म्हणजे लोकांना घाबरवणं. नाटक-कादंबऱ्यांचे दाखले म्हणजे कल्पनेतल्या गोष्टी. आणीबाणीत सामान्य माणसाला काही त्रास नव्हता, उलट गाड्या वेळेवर धावत होत्या. आपल्या मातीला कणखर माणूसच लागतो, शिवरायांनी कुठे निवडणुका घेतल्या होत्या? आणि 1977 ला लोकांनी मत देऊन सगळं सरळ केलंच, मग काळजी कसली?

हा संदेश पुढे पाठवणारी बरीचशी माणसं ओळखीची, भली आहेत. म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

आधी रणगाड्यांचं बघू. मुसोलिनी ऑक्टोबर 1922 मध्ये मिलानहून रात्रीच्या आगगाडीने रोमला आला आणि राजाने त्याला रीतसर पंतप्रधान नेमलं. हिटलरला 30 जानेवारी 1933 रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी चॅन्सेलर केलं. 27 फेब्रुवारीला संसदेची इमारत जळाली, दुसऱ्याच दिवशी एका अध्यादेशाने नागरिकांचे हक्क स्थगित झाले, आणि 23 मार्चला संसदेनेच 444 विरुद्ध 94 मतांनी कायदे करण्याचा अधिकार सरकारच्या हवाली केला. कम्युनिस्ट खासदारांना त्या मतदानाला येऊच दिलं नव्हतं. आठ आठवड्यांच्या आत सगळं आटोपलं. दहशत होतीच, रस्त्यावर गणवेशातल्या टोळ्या होत्या, पण कागद सगळा कायद्याचा होता. हंगेरीत तर टोळ्यांचीही गरज पडली नाही. तिथे निवडून आलेल्या सरकारने न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय 70 वरून 62 वर आणलं आणि अनुभवी न्यायाधीश एका फटक्यात घरी पाठवले. युरोपीय न्यायालयाने 2012 च्या नोव्हेंबरात ते बेकायदा ठरवलं, तोवर कितीतरी जागांवर नव्या नेमणुका झाल्या होत्या.

‘नाटक-कादंबऱ्या म्हणजे कल्पना.’ ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आलं 1972 साली, आणीबाणीच्या अडीच वर्षं आधी. नाना फडणवीसांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं वेळास. वेळासच्या माणसाला नाटकातला नाना रुचणार नाही, आणि खरे नाना तसे नव्हते असं म्हणायचा त्याला हक्क आहे. नाटककार विजय तेंडुलकरांनीही इतिहास लिहितोय असा दावा केला नव्हता. पण त्या नाटकात घाशीराम कोतवाली हिसकावून घेत नाही, ती त्याला नानाकडून दिली जाते. देणाऱ्याचा त्यात स्वार्थ असतो. मग रात्री रस्त्यावर फिरायचं तर परवाना दाखवा, परवाना नसेल तर आत चला. ज्यांच्या अंगाला अजून झळ लागलेली नाही ते गप्प राहतात. शेवटी लोक खवळतात तेव्हा ज्या हाताने नेमणुकीचा हुकूम दिला तोच हात घाशीरामच्या मृत्यूचा हुकूम देतो आणि वर तीन दिवसांचा उत्सव जाहीर करतो. कोतवाल गेला, कोतवाल नेमणारा राहिला. इतकं स्पष्ट मला कुठल्याही राज्यशास्त्राच्या पुस्तकाने दाखवलेलं नाही.

ऑर्वेलची 1945 ची जनावरांच्या शेताची गोष्ट घ्या. भिंतीवर लिहिलेले सात नियम एकेक करून बदलत जातात. ‘पलंगावर झोपायचं नाही’ या नियमापुढे एके दिवशी ‘चादर घालून’ हे शब्द उगवतात. आता आपल्याकडचं बघा. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 12 जून 1975 रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली होती. त्यावरच्या अपिलाची सर्वोच्च न्यायालयातली सुनावणी ठरली होती 11 ऑगस्टला. पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढणाऱ्या 39 व्या घटनादुरुस्तीवर राष्ट्रपतींची सही झाली 10 ऑगस्टला. सुनावणीच्या आदल्या दिवशी! लेखकाने इंग्लंडात बसून कल्पिलेली गोष्ट दिल्लीत तारखेनिशी घडली, आणि विरोधातले कितीतरी खासदार तेव्हा तुरुंगात होते.

आता गाड्या. हा मुद्दा कोकणातल्या माणसाने पुढे पाठवावा याचं मला फार वाईट वाटतं. 1975 साली अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात, आणि तेव्हा सिंधुदुर्ग त्यातच होता, रेल्वेचा एक रूळ नव्हता. चाकरमानी यायचा तो एसटीने, नाहीतर बोटीने. वेळेवर धावणारी गाडी आपल्या आजी-आजोबांनी बघितलेलीच नाही.

आणि ज्यांनी ही रेल्वे कोकणात आणली ते त्या वेळी कुठे होते? राजापूरचे खासदार प्रा. मधु दंडवते 26 जून 1975 रोजी संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला होते. तिथेच वाजपेयी आणि अडवाणींबरोबर त्यांना अटक झाली. ते बंगळूरच्या तुरुंगात, पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. नवरा-बायकोचा संसार पत्रांवर चालला. जॉर्ज फर्नांडिस भूमिगत होते, त्यांना जून 1976 मध्ये पकडलं. पुढे 1977 ला दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमच्या गाद्या आल्या. 1990 साली कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं तेव्हा दंडवते अर्थमंत्री होते आणि फर्नांडिस रेल्वेमंत्री. संपूर्ण मार्ग 1998 च्या जानेवारीत खुला झाला. गणपतीला आपण ज्या गाडीत बसून येतो, तिच्यामागे आणीबाणीतले दोन कैदी आहेत. ‘आणीबाणीत गाड्या वेळेवर होत्या’ हे वाक्य त्याच गाडीत बसून फॉरवर्ड करताना थोडं थांबावं.

‘सामान्य माणसाला त्रास नव्हता’ याचं उत्तर आकड्यांत आहे. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या नोंदीप्रमाणे मिसा, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवायचा कायदा, आणि भारत संरक्षण नियमांखाली मिळून एक लाखाहून जास्त माणसं आत गेली. यात पुढारी किती असणार? 1976-77 या एका वर्षात 80 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर करणारं देशातलं पहिलं विधिमंडळ आपल्या महाराष्ट्राचं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अंमलात आलं नाही. आणि सगळ्यात भयंकर ते सर्वोच्च न्यायालयात घडलं, आणीबाणीत अटकेविरुद्ध दाद मागता येते का या खटल्यात. न्या. एच. आर. खन्ना यांनी सरकारी वकिलांना विचारलं की, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला तर दाद कुठे मागायची? आणीबाणी असेपर्यंत कुठेच नाही, असं उत्तर भर कोर्टात आलं. 28 एप्रिल 1976 रोजी पाचपैकी चार न्यायाधीशांनी सरकारची बाजू उचलून धरली. एकटे खन्ना विरोधात गेले. जानेवारी 1977 मध्ये सरन्यायाधीशपद त्यांना डावलून कनिष्ठ न्यायाधीशांना दिलं गेलं, आणि खन्नांनी राजीनामा दिला. हंगेरीतल्या न्यायाधीशांची गोष्ट आपल्याला नवी वाटू नये ती यासाठी.

शिवरायांचं नाव या संदेशात ओढणं मला सहन होत नाही. महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना 1676 साली लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. प्रभावळी म्हणजे आपलंच दक्षिण कोकण. रयतेच्या भाजीच्या देठालासुद्धा मन दाखवायचं नाही, असं त्यात बजावलंय. चिपळूणजवळ दळवटण्याच्या छावणीलाही असंच खरमरीत पत्र गेलं होतं: तुम्ही रयतेला छळलंत तर लोक म्हणतील याहून मोगल बरे. राजा स्वतःच्या अधिकाऱ्यांवर लगाम घालतोय, तेही लेखी. ज्याला लगामच नको आहे त्याने या राजाचा दाखला देऊ नये.

वेळासच्याच तालुक्यात आंबडवे आहे, बाबासाहेबांचं मूळ गाव. 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत त्यांनी सांगितलं होतं की, धर्मात भक्ती मोक्षाकडे नेत असेल, पण राजकारणात विभूतिपूजा हा अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा हमखास मार्ग आहे. खोतीखाली, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताच्या अमलाखाली, पिचलेली कुळं बघितलेल्या, 1937 साली मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलेल्या माणसाचं हे बोलणं आहे. गावात एकाच्याच हाती सगळं गेलं की काय होतं, हे त्यांना युरोपातून शिकावं लागलं नव्हतं.

राहिला 1977 चा मुद्दा. लोकांनी मत दिलं हे खरं. राजापूरने दंडवत्यांना पुन्हा निवडून दिलं, याचा अभिमान आहेच. पण त्या लोकसभेची मुदत मार्च 1976 मध्ये संपली होती आणि सरकारने ती दोनदा वाढवून घेतली होती. निवडणूक कधी घ्यायची, घ्यायची की नाही, हे एका घरात ठरत होतं. पुढे 44 वी घटनादुरुस्ती झाली ती हे सगळं आठवून. ‘अंतर्गत अशांतता’ हे आणीबाणीचं कारण काढून ‘सशस्त्र उठाव’ घातलं. 25 जूनच्या रात्री मंत्रिमंडळाला न विचारता राष्ट्रपतींची सही घेतली गेली होती, म्हणून मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय घोषणा करता येणार नाही असं ठरलं. खन्नांना मिळालेलं ते उत्तर पुन्हा कुणी देऊ नये, म्हणून जीविताचा हक्क देणारं कलम 21 आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही अशी तरतूद झाली. आधी काय घडलं ते उगाळू नका, असं त्या संसदेने मानलं असतं तर यातलं एकही वाक्य आज राज्यघटनेत नसतं.