‘म्हातारीला चालून जाईल’ म्हणे!

परवा रविवारी हालोल रस्त्यावरच्या एका आवारात, एका जुन्या कॅरव्हॅन ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायच्या चाकांवरच्या खोलीच्या दारात मी एक वाक्य ऐकले आणि ते अजून डोक्यातून जात नाही. आतली जमीन पायाखाली दबते आहे, हे मी विक्रेत्याला दाखवत होते. त्याने जमिनीकडे पाहिलेसुद्धा नाही. तो म्हणाला, “बेन, डोसी माटे तो चाली जशे.” म्हणजे म्हातारीला चालून जाईल. ज्या बाईला त्याने कधी पाहिले नाही, तिच्या पायाखालची जमीन कुजकी असली तरी चालेल, हे त्याने परस्पर ठरवून टाकले होते.

माझी आत्या ७६ वर्षांची आहे. तिने बडोद्यात ३१ वर्षे मराठी शाळेत शिकवले आणि निवृत्तीच्या पैशांतून विश्वामित्रीच्या काठाजवळ तळमजल्याचे छोटे घर घेतले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये काळाघोडा पुलाजवळ नदीने ३५ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा त्या घरात कमरेइतके पाणी तीन दिवस होते. त्यानंतर भिंतींना लोणा लागला, दोनदा गिलावा काढून नवा केला तरी पोपडे येतच राहिले, आणि शेवटी जोते उंच करून घर नव्याने बांधायचे ठरले. कंत्राटदार आठ महिने सांगतो. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, इमारतीला उद्वाहन नाही, आणि आत्याच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या आहेत. दादाचे मांजलपूरचे घर माणसांनी भरलेले आहे, पण त्याच्या घराच्या बाजूला मोकळे आवार आहे, नळ आहे आणि ड्रेनेजची वाहिनी कुंपणाला लागून जाते. तिथे तिच्यासाठी दार लावता येईल अशी स्वतःची एक खोली उभी करायची, एवढेच आमचे मागणे आहे, आणि त्यासाठीच मी तो ट्रेलर पाहायला गेले होते.

जाहिरातीत लिहिले होते की ट्रेलर २०२१ चा आहे, कुठेही गळती नाही आणि आत जाऊन लगेच राहता येईल. दादाच्या साडूंच्या ओळखीतून हा माणूस कळला होता, म्हणून मी निम्मा विश्वास आधीच टाकून बसले होते. मी पहिल्यांदा टायर पाहिले. टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. चारही टायरांवर १६१५ होते, म्हणजे २०१५ सालचा सोळावा आठवडा. २०२१ च्या ट्रेलरला सहा वर्षे आधीचे टायर कसे, असे विचारल्यावर उत्तर आले की टायर तर नव्यासारखेच आहेत, नक्षी बघा. नक्षी होतीच, पण कडेच्या रबराला बारीक भेगा पडलेल्या होत्या, आणि याच चाकांवर तो ट्रेलर महामार्गावरून बडोद्यापर्यंत ओढून आणायचा होता.

आत शिरल्याबरोबर खोलीत फवारण्याच्या सुगंधाचा इतका तीव्र दर्प आला की डोळे चुरचुरले. ज्या घरात ओल नसते त्या घरात असा सुगंध मारावा लागत नाही, हे पुरातून निघालेल्या घरात वर्षभर वावरलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. छताच्या एका कोपऱ्यात रंगाचा चौकोन बाकीच्या छतापेक्षा अधिक पांढरा होता. खिडकीखालची भिंत बाहेरून फुगलेली होती, आणि तळव्याने दाबल्यावर आतला थर सुटलेला असल्याचे हाताला कळत होते. दाराजवळ आणि संडासाच्या कडेला नवीकोरी विनाईल शीट होती, आणि तिच्याखालचे प्लायवूड ओल्या पावासारखे दबत होते.

आवाराच्या कोपऱ्यात नळ होता आणि त्याला रबरी पाइप लावलेला होता. मी म्हटले, की छतावर दहा मिनिटे पाणी सोडू या आणि आत बसून पाहू या. ट्रेलरची गळती बहुतेक छताच्या सांध्यांतून, हवेच्या झरोक्याच्या कडेने आणि खिडक्यांच्या चौकटींतून सुरू होते, आणि ती पाहण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. त्या माणसाने चक्क जाऊन नळावर हात ठेवला. म्हणाला, सांधे कालच भरले आहेत, अजून ओले आहेत, पाणी मारू नका. गळती नाही तर काल भरले काय? याचे उत्तर त्याने दिले नाही. राहण्यासाठी म्हणून विकायला ठेवलेल्या वस्तूच्या छतावर पाणी पडू द्यायला जो तयार नाही, तो जूनपासून सप्टेंबरपर्यंत माझ्या आत्याला त्याच छताखाली झोपवायला तयार होता. त्या पाइपकडे पाहत मी उन्हात वीस मिनिटे त्याच्याशी वाद घातला, माझा आवाज चढला, शेजारच्या गॅरेजमधली माणसे बाहेर येऊन उभी राहिली, आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही.

त्यापुढचे पाहून राग भीतीत बदलला. स्वयंपाकाच्या ओट्याखाली जमिनीलगत हवेची जाळी असते, कारण सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळाला तर खाली साचतो. उंदीर येतात म्हणून ती जाळी चिकटपट्टीने बंद केलेली होती. विजेसाठी दोन पिनांची तार खिडकीतून आत घेतली होती. बाहेरून पूर्ण पत्रा असलेल्या, पावसात उभ्या राहणाऱ्या त्या डब्याला अर्थिंग नव्हते, आणि झटका बसताच पुरवठा तोडणारा स्विचही नव्हता. कागदपत्रे मागितली तेव्हा त्याने स्टॅम्प पेपरवरचे एक जुने विक्रीपत्र पुढे केले आणि सांगितले, की एका जागी उभाच तर करायचा आहे, आरसी, म्हणजे वाहनाच्या नोंदणीचे प्रमाणपत्र, कशाला हवी? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेसुद्धा वाहन आहे. त्याची नोंदणी असते, ती नावावर करून घ्यायला फॉर्म २९ आणि फॉर्म ३० भरावे लागतात, आणि चासीचा, म्हणजे खालच्या सांगाड्यावर कोरलेला क्रमांक जुळावा लागतो. इथे चासीच्या क्रमांकावर जाड काळा रंग फासलेला होता. तो ट्रेलर कोणाचा होता आणि कुठून आला, हे देवाला ठाऊक.

मी ‘नको’ म्हटल्यावर तो म्हणाला, की तुमच्यासारख्यांनी पोर्टा केबिन, म्हणजे उचलून नेता येणारी पत्र्याची तयार खोली घ्यावी. तीही पाहून झाली आहे. मकरपुऱ्यात एकाने २० बाय ८ फुटांची केबिन दाखवली, ती बांधकामाच्या जागेवर मजुरांसाठी वापरलेली होती. भिंतीत उष्णता अडवणारा थर आहे असे सांगितले, आणि स्विचची पेटी उघडून पाहिली तर मधे पोकळी होती. मेमध्ये बडोद्याचा पारा ४२ च्या वर जातो, त्या पत्र्यात दुपारी माणूस कसा बसेल, हे विचारल्यावर “कूलर लावा” असे उत्तर मिळाले. ती उतरवायला हायड्रा क्रेन लागणार, गल्लीत विजेच्या तारा खाली लोंबतात, आणि तो खर्च कोणाचा, हे पैसे मागेपर्यंत कोणी बोलले नाही.

भाड्याच्या घरांचा अनुभव तर आठवला तरी तळपायाची आग मस्तकात जाते. तीन घरमालकांनी अकरा महिन्यांचाच करार हवा म्हणून सांगितले, आठ महिन्यांनी सोडले तर अनामत परत नाही. चौथ्याने वय ऐकले आणि “एकटी बाई, उद्या काही झाले तर?” असे आत्याच्या समोर विचारले. ती काही बोलली नाही. रिक्षात बसल्यावर तिने मला घर बंद करताना गॅसचा कॉक फिरवला होता का, एवढेच विचारले, आणि मांजलपूरपर्यंत ती बाहेर पाहत राहिली. त्या घरमालकाला मी तिथेच चार शब्द ऐकवायला हवे होते. मी ऐकवले नाहीत, आणि कदाचित म्हणूनच रविवारी हालोल रस्त्यावरच्या माणसाला चौपट ऐकावे लागले.

या सगळ्यांच्या तोंडी ‘तात्पुरते’ हा एकच शब्द आहे. आठ महिने म्हणजे एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा. त्या दोनशे चाळीस रात्री तिला उठून संडासाला जावे लागणार आहे, जमिनीपासून अडीच फूट उंचावरच्या दारातून घडीच्या लोखंडी पायरीवर पाय ठेवून उतरावे लागणार आहे, आणि तिथेच जमीन दबली तर नवे गुडघे घेऊन ती खाली पडणार आहे. साडूंनी काल फोन करून सांगितले, की तू माणसाचा अपमान केलास, पुन्हा ओळखीने काही सांगणार नाही. सांगू नका. त्या ओळखीत त्यांचे किती टक्के होते, हे आता दादानेच त्यांना विचारावे.

कालपासून मी फोनवर किंमत विचारतच नाही. आधी विचारते, की छतावर पाणी सोडून पाहू द्याल का, आणि आरसी मूळ स्वरूपात दाखवाल का. दोघांनी फोन ठेवून दिला. तिसरा आणंदजवळचा आहे. तो म्हणाला की या, पाइप मी लावून ठेवतो, पण पायरी मोडकी आहे, ती तुम्हाला बदलावी लागेल. येत्या रविवारी मी जाणार आहे, सोबत टॉर्च आणि टोच्या घेऊन, आणि या वेळी आत्यालाही घेऊन, कारण त्या दारातून तिलाच चढायचे-उतरायचे आहे.