'डिलीट' आणि ती एक स्पेस

नोंदी ठेवणारा एक छोटा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहितोय. त्यात 'डिलीट' टाइप केलं तर शेवटची नोंद उडव, 'डिलीट ५' केलं तर पाचवी उडव. बास, एवढंच हवं होतं! अर्ध्या तासाचं काम म्हणून बसलो आणि रात्रीचे साडेअकरा वाजले, च्यायला.

पहिला रेजेक्स (म्हणजे टाइप केलेली ओळ ज्याच्याशी जुळवून बघायची तो साचा): डिलीट, मग स्पेस आणि तिच्यापुढे प्लस (निदान एक तरी हवीच), मग आकड्यांचा ग्रुप, त्यापुढे प्रश्नचिन्ह (असला तर असला). 'डिलीट ५' मस्त चाललं. नुसतं 'डिलीट' टाकलं की 'अशी कमांड नाही'. का? तर आकडा ऐच्छिक केला, पण त्याच्या आधीची स्पेस सक्तीचीच राहिली! 'डिलीट'च्या शेवटी स्पेस दाबून एंटर मारलं की चालतंय. आता वापरणाऱ्याला काय सांगू, 'डिलीट' लिहा आणि मग हवेत एक स्पेस सोडा? बरं, स्पेसपुढच्या प्लसचा स्टार केला (शून्य स्पेसही चालेल), तर 'डिलीट५' सुद्धा खुशाल पास. स्पेस आणि आकडा एकाच कंसात कोंबले, प्रश्नचिन्ह कंसाबाहेर लावलं, तेव्हा कुठे जुळलं. आणि लगेच आपटलं. कारण आकडा नसला की पायथन त्या ग्रुपच्या जागी रिकामी स्ट्रिंगही देत नाही, 'नन' (म्हणजे काहीच नाही) देतं, आणि मी ते डोळे मिटून आकडा बनवणाऱ्या 'इंट'मध्ये ढकलत होतो. (हो, ही चूक माझीच. तरी राग येतोच.)

'रेजेक्स कशाला, स्प्लिट कर की, स्पेस दिसेल तिथे ओळ तोड' म्हणणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. नोंदीच्या मजकुरात स्पेस असते हो! म्हणून कोट्स चालू दिले, ओळ शलेक्सकडे (कोट्स सांभाळून ओळ तोडणारं पायथनचं मॉड्यूल) सोपवली. कुणीतरी इंग्रजीत 'डोन्ट' लिहिलं, त्यातल्या अपॉस्ट्रॉफीला ते उघडा कोट समजलं आणि 'बंद करणारा कोट नाही' म्हणून एरर फेकून मोकळं.

मग आर्गपार्स, कमांडचे तुकडे समजून घेणारं पायथनचं तयार मॉड्यूल. आकड्याच्या जागी अक्षर आलं की ते वापराची ओळ छापतं आणि एक्झिट कोड २ (चूक झाल्याची खूण) देऊन अख्खा प्रोग्रॅमच बंद करतं. अरे बाबा, माझा प्रोग्रॅम लूपमध्ये चालू आहे, नोंदी अजून सेव्ह व्हायच्यात, एका टायपोसाठी तू दुकानच बंद करतोस?

तेही सावरलं. एक्झिट पकडला, कमांडच्या ऑप्शनच्या नावाआधी दोन हायफन लावले, सगळं नीट चाललं. मग एकाने फोनवरून कमांड टाकली. त्याच्या कीबोर्डने दोन हायफनांचा आपसूक एक लांब डॅश करून टाकला.

मॅच? कसला मॅच!