मान दुखावली, डोकेदुखी परतली: तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय मी तीनदा वाचला. आमच्याकडे मसाज करताना मान इतकी जोरात दाबली की दोन दिवस वळवता येईना, तिसऱ्या दिवशी डोकं पुन्हा दुखायला लागलं, आणि तक्रार केली तर आम्ही उलट "गोळ्या किती घेता?" असं विचारलं, असं तुम्ही लिहिलंय. मी तेवढ्यावरच बोलते. तुम्ही फॉर्ममध्ये भरलेलं काहीही इथे चारचौघांत मांडणार नाही.

दाबाच्या बाबतीत चूक आमचीच. "थोडं सोसा, मोकळं होईल" असं आमच्या थेरपिस्टने म्हणायलाच नको होतं. मानेच्या वरच्या टोकाला, कवटीच्या खाली, दोन्ही बाजूंना चार-चार छोटे स्नायू असतात. तिथे बोटं नुसती टेकवून मिनिटभर थांबायचं आणि डोक्याचं वजन हळूहळू हातावर येऊ द्यायचं, की ते आपसूक सैल पडायला लागतात. जोर लावला तर माणूस श्वास रोखतो, खांदे कानाशी नेतो, आणि जे सोडवायचं तेच आणखी आवळतं. मसाजनंतर एखादा दिवस अंग जरा दुखतं, हे खरं. पण मान वळेना म्हणजे दाब जास्तच झाला. त्या थेरपिस्टच्या प्रत्येक सेशनला सध्या मी स्वतः टेबलापाशी उभी असते. मनापासून माफी मागते.

"एकदा करून घ्या, डोकं दुखायचं थांबेल" असं काउंटरवर सांगितलं गेलं असेल, तर तेही चुकलंच. कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखं दुखणं, ताणाची डोकेदुखी, मसाजने हलकी होऊ शकते. काहींचे दुखण्याचे दिवसही कमी होतात, पण काही आठवड्यांत, आणि सगळ्यांचे नाही. रात्री दात आवळले जात असतील, झोप अपुरी असेल, तासन्‌तास मान पुढे काढून काम चालत असेल, तर आम्ही सैल केलेलं दोन दिवसांत पुन्हा आखडतं.

गोळ्यांचा प्रश्न मात्र मी मागे घेणार नाही. दोष तुमच्यावर ढकलण्यासाठी तो नव्हता. साधी पेनकिलर महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी १० किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखत राहू शकतं. ते मसाजने सुटत नाही. गोळ्या कशा कमी करायच्या हे डॉक्टरच ठरवतात. आणि डोकं अचानक, कधी नव्हे इतकं दुखलं, सोबत ताप येऊन मान ताठली, बोलणं अडखळलं, हातपाय लुळे वाटले, डोक्याला मार लागला असेल, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखायला लागलं असेल, तर आमच्याकडे येऊच नका, आधी डॉक्टर गाठा. अशा माणसाला टेबलावर घ्यायला मी नकार देते, मग तो रागावून गेला तरी चालेल.

सेशनचे पूर्ण पैसे परत करतेय. त्यासाठी तुम्हाला यावं लागणार नाही. डॉक्टरांना दाखवल्यावर पुन्हा यावंसं वाटलं, तर माझंच नाव सांगा. दाब किती हवा हे तुम्ही ठरवाल, आणि "बस" म्हणाल तिथे हात थांबेल. तोवर एक करा: डोकं कुठल्या दिवशी दुखलं आणि त्या दिवशी गोळी घेतली का, एवढंच एका वहीत लिहीत चला, आणि ती वही आधी डॉक्टरांना दाखवा.