डबा भरला, पण पुढे काय?

आज लेकीच्या शाळेचा ऑनलाइन कार्यक्रम पाहिला. परदेशातल्या एका शाळेबरोबर यांचा ई-कचऱ्यावरचा संयुक्त प्रकल्प चालू आहे. पालकांनाही लिंक आली होती, म्हणून मी कॅमेरा बंद करून बसले. आणि आता चिडून लिहायला बसले आहे.

सुरुवात छानच झाली. आमच्या मुलांनी जुन्या की-बोर्डची बटणं चिकटवून केलेला रोबो दाखवला. तिकडच्या मुलांनी सीडींचा भलामोठा मासा केला होता. दोन्हीकडून टाळ्या. मग आमच्या शाळेने दारात ठेवलेल्या ई-कचऱ्याच्या डब्याचे फोटो आले. डबा काठोकाठ भरलेला, शेजारी मुलं अंगठे वर करून उभी. तेवढ्यात तिकडच्या एका मुलाने हात वर केला आणि विचारलं, "हे सगळं पुढे कोण नेतं? नेऊन त्याचं काय करतं?"

कुणी काही बोलेना. मग सूत्रसंचालकांनी "फार छान प्रश्न!" म्हटलं आणि पुढची स्लाइड लावली.

अहो, छान आहे तर उत्तर द्या ना!

अख्ख्या विषयाचा जीव त्या एका प्रश्नात होता. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद किती, तर २२.३ टक्के. बाकीचा कुठे गेला? कुणाच्या कपाटात, कुणाच्या उकिरड्यावर, नाहीतर कुणाच्या तरी पोराच्या हातात. तो रोबो तर आता रिसायकलसुद्धा धड होणार नाही, कारण सगळ्या बटणांवर गोंद थापलाय. पण फोटोत गोड दिसतो, नाही का.

मान्य, पोस्टर आणि रोबोंमुळे निदान शिसं, पारा, कॅडमियम या ई-कचऱ्यातल्या विषारी धातूंची नावं मुलांच्या कानांवर पडतात. पडू देत.

पण दोन देशांतल्या शाळा एकत्र कशासाठी आणायच्या? पोस्टरं तर एकाच वर्गात बसूनही रंगवता येतात. ई-कचरा सीमा ओलांडतो, म्हणून या विषयाला दोन शाळा लागतात. एका देशात 'वापरलेला पण चालू' अशी चिठ्ठी लावून बोटीत चढवलेला मॉनिटर दुसऱ्या देशात उतरतो तेव्हा तो बंदच असतो, आणि तांब्यासाठी त्याच्या वायरी उघड्यावर जाळल्या जातात. घानातल्या आग्बोग्ब्लोशीचे धुराचे फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. २०२१ मध्ये तिथला भंगारबाजार पाडला. काम थांबलं का? छे, आजूबाजूला पांगलं. चीनमधल्या ग्वीयू गावात वर्षानुवर्षं सर्किट बोर्ड शेगडीवर तापवून चिप्स सोडवल्या, ॲसिडमध्ये बुडवून सोनं काढलं. तिथल्या लहान मुलांच्या रक्तात शिसं वाढलेलं सापडलं.

लहान मुलांच्या! असंघटित उद्योगांत, ज्यात कचऱ्याची कामंही आली, जगभरात १.८ कोटींहून जास्त मुलं राबतात, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली म्हटलं होतं. काही तर पाच वर्षांची. बारीक सुटे भाग काढायला बारीक बोटं बरी पडतात म्हणून. आणि आमच्याकडे त्याच वयाची मुलं डब्याशेजारी अंगठे वर करून उभी आहेत, आणि डबा नेणारा कोण हे त्यांना ठाऊक नाही.

हे शोधणं अशक्य आहे असं मला कुणी सांगू नका. ई-कचऱ्याच्या निर्यातीवर नजर ठेवणाऱ्या बाझल ॲक्शन नेटवर्क या संस्थेने अमेरिकेत सुमारे २०० जुन्या यंत्रांत ट्रॅकर लपवले आणि ती कुठे पोचतात ते पाहिलं. २०१६ मध्ये निष्कर्ष आले. रिसायकलिंगला म्हणून दिलेला बराच माल थेट हाँगकाँगच्या भंगारवाड्यांत निघाला. शाळेने ट्रॅकर लावावेत असं मी म्हणत नाही. पण डबा नेणाऱ्याचं नाव विचारा, परवाना बघा, नेलेल्या वजनाची पावती घ्या, जमलं तर मुलांना एकदा त्याच्या कारखान्यात न्या. तिकडच्या शाळेनेही तेच करावं. मग पुढच्या कॉलवर दोघांनी आपापली साखळी मांडावी, आणि ती जिथे तुटते तिथे बोट ठेवावं. १ जानेवारी २०२५ पासून बाझल करारानुसार, म्हणजे देशादेशांतल्या कचऱ्याच्या ने-आणीवरच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, कुठलाही ई-कचरा, घातक असो वा नसो, घेणाऱ्या देशाच्या आगाऊ संमतीशिवाय पाठवता येत नाही. हा नियम तरी मुलांना सांगा! अमेरिकेने हा करार अजून मंजूर केलेला नाही, हेही सांगा. रोबोपेक्षा यातून जास्त शिकतील.

बरं, हा प्रकल्प चालवणाऱ्या बाईंवर माझा राग नाही. त्या बाई शाळा सुटल्यावर थांबून, दोन देशांच्या घड्याळांचा मेळ घालून हे जमवतात, वर अहवाल लिहितात. भंगारवाल्याचा माग काढणं हे त्यांचं काम नाही, हेही खरं. आम्हा पालकांपैकी कुणी पुढे झालं तर त्यांना बरंच वाटेल. पावतीचं काम मी करीन, असं मी त्यांना कळवलंय.

लेक मात्र माझ्यापेक्षा हुशार निघाली. कॉल संपल्यावर म्हणाली, त्या मुलाला मी चॅटमध्ये लिहिलंय की आम्हाला माहीत नाही, शोधून सांगते. म्हणजे मोठ्यांनी स्लाइड बदलली तोवर हिने उत्तर देऊनही टाकलं होतं. तिकडून लगेच आलं, "आम्हालाही माहीत नाही, आपण दोघंही शोधू." हे वाचून माझा निम्मा राग उतरला, खोटं कशाला बोलू.

उरलेला निम्मा त्या डब्यावर. फोटो मोठा करून पाहिला तर त्यात फोनच्या सुट्या बॅटऱ्या वायरींच्या गुंत्याखाली दबलेल्या, एक चक्क फुगलेली. लिथियमची बॅटरी दाबली गेली किंवा तिची टोकं धातूला टेकली तर पेट घेऊ शकते. ज्यांची मुलं त्या शाळेत आहेत त्यांनी उद्या सुटी बॅटरी त्या डब्यात टाकू नका. टोकांवर चिकटपट्टी लावा आणि वेगळी द्या. फुगलेली असेल तर शाळेत पाठवूच नका. मी सकाळी शाळेच्या ऑफिसात फोन करतेच आहे.