तो मेसेज आत्यापर्यंत पोचला, म्हणून लिहितेय

गेल्या रविवारी सोलापूरच्या विडी घरकुलात आत्याकडे गेले होते. मांडीवर सूप, ओल्या फडक्यात तेंदूची पानं आणि हात चालूच. बोलता बोलता सहज म्हणाली, "चार महिने झाले, परसाकडला रक्त जातंय गं. मूळव्याध असणार. मोबाइलवर आलंय तसं." सुनेनं मोबाइल पुढे केला. महिनाभर आमच्या भावकीच्या ग्रुपवर फिरणारा तोच मेसेज!

त्यात पाच गोष्टी आहेत. शाकाहारी, भाकरी खाणाऱ्याला आतड्याचा कॅन्सर होत नाही. शौचातून रक्त म्हणजे उष्णतेची मूळव्याध, तपासत बसू नका. तपासणी म्हणजे आतड्यात घालून बघायची पंचवीस हजारांची दुर्बीण, ती श्रीमंतांची. दुर्बिणीतून तपासायला गाठीचा तुकडा काढला की कॅन्सर अंगभर पसरतो. आणि रोज रात्री एरंडेल घेतलं की आतडं धुऊन निघतं.

मी पंधरा वर्षं लॅबमध्ये नमुने तपासते. या मेसेजमधलं मूळव्याधीचं वाक्य मला सगळ्यांत घातक वाटतं, म्हणून आधी तेच घेते. रक्त पडणाऱ्यांत मूळव्याधीचेच लोक जास्त असतात, हे खरं आहे. पण रक्त मूळव्याधीचं की आतल्या गाठीचं, हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही, डॉक्टरलाही नाही. शिवाय एकाच माणसाला दोन्ही असू शकतं. मूळव्याध आहे म्हणून आत गाठ नाही, असं कुठे ठरलंय?

आत्याचे जुने कागद मागितले. गेल्या दिवाळीपासून लोहाच्या गोळ्या चालू, तरी हिमोग्लोबिन ८.४. वय ५६, पाळी जाऊन सात वर्षं झाली. मग रक्त जातंय कुठं, हा प्रश्न तिला गोळ्या देणाऱ्या कुणीच विचारला नाही. बाई विड्या वळते, दमते, म्हणून अंगात रक्त कमी, एवढ्यावर विषय संपला. पाळी गेलेल्या बाईच्या किंवा कुठल्याही पुरुषाच्या अंगात लोह कमी झालं, तर पोट आणि आतडं तपासायलाच हवं. अशा वेळी गोळ्यांनी आकडा वर आला, तरी आतली गळती चालूच राहते.

आता पंचवीस हजारांचं. ज्याला काही त्रास नाही, त्याची तपासणी दुर्बिणीनं सुरू करावी लागत नाही. शौचात डोळ्यांना न दिसणारं रक्त आहे का, हे आधी बघतात. त्यासाठी बोटाएवढी एक डबी असते. तिच्या झाकणालाच काडी जोडलेली असते आणि काडीच्या टोकाला बारीक खाचा. ती शौचावर चार-पाच ठिकाणी टेकवायची, परत डबीत घालायची, झाकण दाबायचं. झालं. आतल्या द्रवात नमुना टिकतो आणि लॅबमधल्या तपासणीत माणसाचंच हिमोग्लोबिन तेवढं पकडलं जातं, त्यामुळे आदल्या दिवशी मटण खाल्लं की बीट, यानं काही बिघडत नाही. जुन्या पद्धतीच्या तपासणीत बिघडायचं. दुर्बिणीच्या मानानं हिचा खर्च अगदी किरकोळ. आमच्याकडे बायका नमुना तीन कॅरीबॅगांत आणि वर पेपरात गुंडाळून आणतात, मान खाली घालून देतात. त्यांना हे कुणीतरी आधीच समजावून सांगायला हवं होतं.

गरिबांच्या वस्तीत हे जमत नाही, असं म्हणणाऱ्यांनी थायलंडमधला लाम्पांग प्रांत बघावा. तिथं २०११ साली आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत ५० ते ६५ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त लोकांसाठी हीच तपासणी सुरू झाली. सुमारे ६३ टक्के लोकांनी ती करून घेतली. पॉझिटिव्ह निघाले शंभरात एकाच्या आसपास, म्हणजे दुर्बीण लागली ती तेवढ्यांनाच. ज्या ६२७ जणांची झाली, त्यांतल्या ३.७ टक्क्यांना कॅन्सर सापडला आणि ३०.६ टक्क्यांना पुढे कॅन्सर होऊ शकेल अशा गाठी. अशी गाठ कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं घेते. तोवर ती काढून टाकली की प्रश्न तिथंच मिटला.

आपल्याकडे आशाताई तिशीपुढच्या माणसांचा फॉर्म भरायला दारात येतातच. सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची तपासणी आहे, आतड्याची नाही. भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, त्यामुळे सरसकट सगळ्यांना डबी द्या असं मी म्हणणार नाही. पण पन्नाशीपुढचे, घरात कुणाला हा आजार झालेले, अशांसाठी नागरी आरोग्य केंद्रात ती ठेवायला काय हरकत आहे? दोन अडचणी मात्र मान्य करते. सोलापूरच्या मे महिन्यात डबी दुपारभर पिशवीत राहिली, तर उष्णतेनं हिमोग्लोबिन मोडतं आणि रिपोर्ट खोटाच निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणून नमुना सकाळीच पोचला पाहिजे, केंद्रात फ्रिज पाहिजे. आणि पॉझिटिव्ह आलेल्याची दुर्बीण कुठे, किती दिवसांत होणार, हे आधी ठरलेलं नसेल, तर डबी वाटून उपयोग नाही.

भाकरीचं म्हणाल तर अर्धं खरं आहे. कोंड्याचं, चोथ्याचं खाणं आतड्याला चांगलंच. प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सरला कारण ठरतं, हेही जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २०१५ साली सांगितलंय. पण धोका कमी होणं वेगळं आणि आजार न होणं वेगळं. गळ्यातली माळ बघून गाठ थांबत नाही.

तुकडा काढल्यानं आतड्याचा कॅन्सर अंगभर पसरतो, हे साफ खोटं आहे. दुर्बिणीत इजा होते ती क्वचित, हजारांत एखाद्याला. एरंडेलानं पोट साफ होतं, गाठ नाही. त्यावर याहून जास्त लिहायची माझी इच्छा नाही.

आत्याला मी डबी दिली नाही. डोळ्यांना रक्त दिसतंय, त्याला डबी कशाला? थेट डॉक्टरांकडे नेलं. गुरुवारी सकाळी दुर्बीण आहे. बुधवारी फक्त पातळ घ्यायचं, संध्याकाळी जुलाबाचं औषध, असं सांगितलं तर म्हणाली, "एकादशीला निर्जळी करते मी, त्यात काय एवढं!" तिला दोनदा बजावलंय की निर्जळी नाही, उलट पाणी भरपूर प्यायचंय. बुधवारी रात्री मी तिच्याकडेच मुक्कामाला आहे.